वेशीपुरते नाणे

१

नाणे पाडण्याचा अधिकार हे सार्वभौमत्वाचे ठळक लक्षण मानले गेले आहे. राज्य उभे राहते तेव्हा नवे नाणे पडते आणि राज्य बुडते तेव्हा ते मुशीत जाते. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाशी होन आणि शिवराई यांचे नाते जोडले जाते ते याच अर्थाने. साहजिकच नाणकशास्त्राचा फार मोठा भाग हा राजांच्या नाममालिकेचा इतिहास झाला आहे. तथापि या मोठ्या इतिहासाच्या सावलीत आणखी एक इतिहास आहे आणि तो सुट्ट्या पैशांचा आहे. सोन्यारुप्याचे नाणे पाडण्यात सत्तेला प्रतिष्ठाही मिळे आणि लाभही होई. तांब्याचा लहान तुकडा घडवायला मात्र जवळजवळ तितकेच श्रम पडत आणि प्राप्ती नगण्य असे. म्हणून अनेक देशांतील टाकसाळींनी लहान नाण्यांकडे दीर्घकाळ दुर्लक्ष केले. ज्याच्या गाठीला मोहर आहे त्याला सुट्ट्यांची टंचाई ही गैरसोय वाटते. ज्याची दिवसाची मजुरीच काही पैशांची आहे त्याच्या घरी त्या टंचाईने चूल पेटत नाही.

सत्तेने सोडलेली ही पोकळी वेळोवेळी गावांनी भरून काढली. एखाद्या नगरपालिकेने, एखाद्या चर्चच्या परगण्याने किंवा पेठेतल्या एखाद्या वाण्याने तांबे, शिसे, जस्त, लोखंड अशा हाती येईल त्या पदार्थाचे बिल्ले काढले आणि ते गावाच्या वेशीच्या आत पैशासारखे चालले. इंग्रजीतून आलेला ‘टोकन’ हा शब्द आज मराठीत सर्वांच्या परिचयाचा आहे. या बिल्ल्यांनाही तेच नाव आहे. बिल्ल्यातील धातूला मोल नसते. तो चालतो तो काढणाऱ्याच्या शब्दावर. या दृष्टीने बिल्ला ही अक्षरशत्रू माणसाच्या तळहातावर मावणारी लहानशी हुंडीच होय. हुंडी वटली की तिचे काम संपते. बिल्ला खजिन्यात परत आला, त्याच्या बदल्यात खरे नाणे मिळाले, की तोही वितळवला जातो.

यातून संग्राहकांच्या जगाविषयी एक विलक्षण निष्कर्ष निघतो. ज्या बिल्ल्याचे वचन पाळले गेले तो सहसा उरत नाही. आज संग्रहालयांच्या मखमलीवर जे दिसते ते बहुतांशी न वटलेले वचन असते. ते का वटले नाही, कोणाच्या नुकसानीने वटले नाही, हा प्रश्न विचारल्याखेरीज या लहान नाण्यांचा इतिहास पुरा होत नाही.

२

इंग्लंडमध्ये हा प्रश्न सतराव्या शतकात तीव्र झाला. पहिल्या जेम्स राजाने १६१३ मध्ये तांब्याच्या फार्दिंगचा मक्ता एका सरदाराला दिला. पुढे तो मक्ता हातोहात फिरला. हलक्या वजनाची ही नाणी लोकांच्या मनातून लवकरच उतरली. यादवी युद्धाच्या काळात, १६४४ मध्ये, पार्लमेंटने तो मक्ता मोडीत काढला आणि त्याच्या जागी दुसरी कोणतीच व्यवस्था केली नाही. १६४८ पासून वाणी, मेणबत्तीवाले, भटारी, खानावळवाले आणि पुढे कॉफीगृहांचे चालक यांनी आपापले बिल्ले काढण्यास सुरुवात केली. हे चलन १६७२ पर्यंत चालले. त्या वर्षी दुसऱ्या चार्ल्सने तांब्याचे अर्धे पेनी आणि फार्दिंग सरकारी टाकसाळीतून काढले आणि खाजगी बिल्ल्यांवर बंदी घातली.

या चोवीस वर्षांत हजारो प्रकारचे बिल्ले निघाले. एका बाजूला धंद्याची खूण असे. वाण्याच्या बिल्ल्यावर साखरेची शंक्वाकार ढेप, कॉफीगृहाच्या बिल्ल्यावर फेटा बांधलेल्या तुर्काचे मस्तक. दुसऱ्या बाजूला बहुधा तीन अक्षरे त्रिकोणात मांडलेली असत. वरचे अक्षर आडनावाचे आणि खालची दोन नवऱ्याच्या व बायकोच्या नावाची. त्या काळातील सामान्य दुकानदाराच्या पत्नीचा उल्लेख कागदपत्रांत क्वचितच येतो. येथे मात्र ती आद्याक्षराच्या रूपाने का होईना, पेढीच्या नावात बरोबरीने उभी आहे. कोणत्याही राजाच्या नाण्याने न दिलेली माहिती एका फार्दिंगच्या तुकड्याने दिली.

परंतु खाजगी बिल्ल्यात एक धोका होता. दुकानदार मेला, दिवाळे निघाले किंवा त्याने सरळ हात वर केले की बिल्ला घेऊन फिरणारा मनुष्य रित्या हाताने परते. ज्याच्याकडे पाच-पंचवीस बिल्ले साठले असतील असा मनुष्य बहुधा गरीबच असे. या कारणाने काही नगरांनी स्वतःच हे काम हाती घेतले. ब्रिस्टलला अशी मुभा एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीतच मिळाली होती. त्या नगराने १६५२ मध्ये पुन्हा स्वतःचे फार्दिंग काढले. नॉर्विचने १६६७ मध्ये तसेच केले. काही ठिकाणी गरिबांच्या पोषणाची व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनी बिल्ले काढले, आणि ‘गरिबांच्या उपयोगासाठी’ अशा अर्थाची अक्षरे त्यांवर कोरली. व्यक्तीच्या वचनाची जागा गावाच्या वचनाने घेतली. दुकान बंद पडते, गाव सहसा बंद पडत नाही, हा त्यामागचा साधा हिशेब होता.

या बिल्ल्यांचा शास्त्रशुद्ध संग्रह पुढे एकोणिसाव्या शतकात झाला. विल्यम बॉइन याची सूची १८५८ मध्ये प्रसिद्ध झाली. जॉर्ज विल्यमसन याने ती वाढवून १८८९ ते १८९१ या काळात दोन खंडांत काढली. विसाव्या शतकात अमेरिकेतील नॉरवेब दांपत्याने जमवलेल्या संग्रहाच्या सूचीचे खंड १९८४ पासून पुढे अनेक वर्षे निघत राहिले. या सूच्यांची मांडणी राजांच्या क्रमाने नाही, ती परगणा आणि गाव यांच्या क्रमाने आहे. या सूच्यांनी गावाला मथळ्याचा मान दिला.

हे बिल्ले आजही नांगरटीत निघतात आणि ओहोटीच्या वेळी थेम्स नदीच्या गाळात सापडतात. असा एखादा झिजलेला तुकडा कोणाच्या तरी खिशातून पडलेला असतो, किंवा १६७२ नंतर निरुपयोगी ठरून फेकून दिलेला असतो. म्हणजे येथे बिल्ला उरला तो कोणाच्या तरी हानीतून. सूचीतील क्रमांक हा त्या हानीचा शतकांनंतर झालेला जमाखर्च आहे.

३

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात अशीच टंचाई पुन्हा आली. वेल्समधील पॅरिस खाणीच्या कंपनीने १७८७ मध्ये तांब्याची भक्कम पेनी काढली आणि पुढील दहा वर्षांत गावोगावच्या व्यापाऱ्यांनी तिचे अनुकरण केले. हे बिल्ले घाटदार होते. त्यांवर देवळे, पूल, यंत्रे आणि प्राणी कोरलेले होते. ते हाती येताच लोक त्यांचा संग्रह करू लागले. इप्सविच येथील कापडाचा व्यापारी जेम्स कॉन्डर याने स्वतः बिल्ले काढले आणि १७९८ मध्ये सर्व बिल्ल्यांची सूचीही प्रसिद्ध केली. वनस्पतिशास्त्रज्ञ सर जोसेफ बँक्स यांची बहीण सेरा सोफाया बँक्स हिने असे बिल्ले चिकाटीने जमवले आणि कोणता नग कोणाकडून मिळाला याच्या नोंदी ठेवल्या. १८१८ मध्ये तिच्या मृत्यूनंतर तो संग्रह ब्रिटिश म्युझियम आणि शाही टाकसाळ यांच्याकडे गेला. तिच्यासारखी दक्षता नसती तर पुष्कळ काही लुप्त झाले असते, हे निर्विवाद आहे.

तथापि संग्राहकांची भूक वाढली तसे कारखानदारही सावध झाले. एका बिल्ल्याचा छाप आणि दुसऱ्याची पाठ अशा बेजोड जोड्या लावून ‘दुर्मिळ’ नग मुद्दाम पाडले जाऊ लागले. त्यांनी कधी पाव विकत घेतला नाही की कोणाची मजुरी भागवली नाही. ते थेट संग्राहकाच्या पेटीसाठीच जन्मले होते. चलन आणि संग्रह यांच्या नात्यात शिरलेली ही विकृती त्या वेळी लहान होती. तिचे पूर्ण रूप दिसले ते सव्वाशे वर्षांनी, जर्मनीत.

४

१९१४च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू होताच जर्मन जनतेने चांदीची नाणी घरात दडवली. काही दिवसांतच पूर्व प्रशिया, सायलेशिया, ऱ्हाइनचा प्रदेश अशा भागांतील गावांनी लहान रकमेच्या चिठ्ठ्या काढल्या. पुढे तोफगोळ्यांसाठी निकेल आणि तांबे लागू लागले. सरकारने ती नाणी चलनातून काढून घेतली आणि त्यांच्या जागी लोखंड, जस्त व ॲल्युमिनियम यांची नाणी आणली. तीही पुरेनात. तेव्हा शेकडो नगरपालिकांनी ५, १० आणि ५० फेनिगचे स्वतःचे बिल्ले पाडून घेतले. या सर्व पैशाला जर्मन भाषेत ‘नोटगेल्ड’, म्हणजे अडचणीचा पैसा, असे नाव पडले.

या बिल्ल्यांचे रूप साधे आहे. सरकारी नाण्याशी घोटाळा होऊ नये म्हणून पुष्कळांना अष्टकोनी किंवा चौकोनी आकार दिलेला असे. एका बाजूला गावाचे चिन्ह, दुसऱ्या बाजूला किंमत आणि ‘सुट्ट्या पैशाऐवजी’ अशा अर्थाचे शब्द. लोखंड गंजे, जस्त काळवंडे. परंतु त्यांची व्यवस्था पाहण्यासारखी होती. गिरणीतील मजुराला पगाराबरोबर बिल्ले मिळत. तो ते भटाऱ्याला देई. भटारी त्यांतून नगरपालिकेचा कर किंवा गॅसचे बिल भरी. आणि तेथे बिल्ल्याचा प्रवास संपून नवा सुरू होई. वेशीबाहेर त्याला किंमत नव्हती. शिवराईला एका पेठेतून दुसऱ्या पेठेत जाताना बट्टा लागे. या बिल्ल्यांना वेस ओलांडल्यावर बट्टासुद्धा मिळत नसे. त्या मर्यादेतच त्यांचे बळ होते. ज्या खजिन्याने वचन दिले तो खजिना चालत जाण्याच्या अंतरावर होता, आणि वचन मोडले तर जाब कोणाला विचारायचा हे प्रत्येकाला ठाऊक होते.

युद्ध संपले, टंचाई मात्र संपली नाही. दरम्यान गावांच्या लक्षात आले की बाहेर गेलेले सगळे बिल्ले आणि नोटा परत येत नाहीत. संग्राहक त्या ठेवून घेतात. परत न आलेली प्रत्येक नोट हा नगरपालिकेचा निव्वळ नफा होता. मग हिशेब उलटा फिरला. १९२१च्या सुमारास रंगीत चित्रांच्या नोटांच्या मालिका निघू लागल्या. हामेल्न गावाने उंदीर पळवून नेणाऱ्या बासरीवाल्याची कथा घेतली. नाउमबुर्गने आपल्या चेरी-उत्सवाची दंतकथा घेतली. कथा एका नोटेवर पुरी होत नसे. मासिकातल्या ‘क्रमशः’ कादंबरीप्रमाणे पुढच्या भागासाठी पुढची नोट घ्यावी लागे. बीलेफेल्डच्या बचतपेढीने रेशमावर व तागाच्या कापडावर पैसे छापले. सॅक्सनीत माइसेनच्या विख्यात कारखान्याने तपकिरी चिनीमातीची नाणी भाजून काढली. नोटा बदलून घेण्याची मुदत इतकी आखूड ठेवली जाई की काही नोटा विक्रीला येईपर्यंत ती उलटूनही गेलेली असे. अडचणीच्या पैशाला आता अडचणीची गरज उरली नव्हती.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला यांपैकी एक मालिका विशेष लक्षणीय वाटेल. मेक्लेनबुर्ग प्रांतातील सुमारे ७० गावांनी मिळून १०, २५ आणि ५० फेनिगच्या नोटांचे संच काढले आणि त्यांवर फ्रिट्स रॉयटर (१८१०–१८७४) या लेखकाचे स्मरण केले. रॉयटरने प्रमाण जर्मन बाजूला ठेवून उत्तर जर्मनीच्या बोलीत लेखन केले होते. सरकारी नोटेवर जी भाषा कधी येऊ शकली नसती ती खेड्यातली बोली या पैशावर आली. राज्याचे नाणे राजभाषेत बोलते. गावाचे नाणे घरच्या भाषेत बोलू शकते, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा क्वचितच सापडेल.

परंतु घरची भाषा नेहमी प्रेमाचीच असते असे नाही. याच मेक्लेनबुर्गमधील श्टेर्नबेर्ग गावाने आपल्या इतिहासातला प्रसंग म्हणून १४९२ मध्ये तेथे झालेले यहुदी लोकांचे दहन नोटेवर आणले. त्या वर्षी खोट्या आरोपावरून २७ यहुद्यांना गावाबाहेर जाळण्यात आले होते. इतर काही गावांच्या नोटांवरही यहुद्यांची विटंबना करणारी चित्रे आहेत. ही चित्रे कोणा हुकूमशहाने लादलेली नव्हती. हिटलर सत्तेवर आला तो १९३३ मध्ये. या नोटा त्यापूर्वी दहा-अकरा वर्षे, नगरसभांच्या संमतीने, पाहुण्यांना व संग्राहकांना आवडतील म्हणून निघाल्या होत्या. गाव स्वतःविषयी जे अभिमानाने सांगत होते त्यात हेही बसत होते. सुंदर मालिकांच्या पानांशेजारी अशी नोट जपून ठेवणारा संग्राहक इतिहासाचे मोठे काम करतो. ती नोट नजरेआड करून संग्रह शोभिवंत ठेवणारा मनुष्य त्या गावाचे अर्धेच चरित्र सांगतो.

५

१९२२च्या जुलैत कायद्याने या पैशाला बंदी झाली. पण बंदीची शाई वाळते न वाळते तोच मार्कची घसरगुंडी सुरू झाली आणि १९२३ मध्ये गावांना पुन्हा छापखान्यांचा आश्रय घ्यावा लागला. या वेळी चित्रांना सवड नव्हती. घाईघाईने, पुष्कळदा एकाच बाजूला छापलेल्या नोटांवर लाखांचे, मग कोटींचे आकडे आले. त्या नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लक्ष कोटी मार्क मोजावे लागत. नव्या रेंटेनमार्कचा एक मार्क जुन्या एक लक्ष कोटी मार्कांबरोबर ठरला. आकड्यांवरचा विश्वास उडाल्यावर लोक पुन्हा वस्तूंकडे वळले. ओल्डेनबुर्ग राज्याच्या पतपेढीने १९२२ मध्येच राय धान्याच्या वजनात मोजलेले रोखे काढले होते. इतरत्र कोळसा आणि लाकूड यांच्या मापातही पैसा मोजला गेला.

१९२१ची चित्रमालिका आणि १९२३ची ओबडधोबड नोट शेजारी ठेवली म्हणजे संग्रहाचे स्वरूप उघड होते. चित्रमालिका आजही कोऱ्या करकरीत मिळतात, कारण त्या कोणी वापरल्याच नव्हत्या. मजुराच्या हातातून भटाऱ्याच्या गल्ल्यात आणि तेथून पालिकेच्या तिजोरीत फिरलेले गंजके बिल्ले मात्र त्या मानाने आकर्षणहीन, म्हणून उपेक्षित राहिले. आर्नोल्ड केलर (१८९७–१९७२) या अभ्यासकाने हा भेद ओळखला होता. त्याने चित्रांच्या मोहात न पडता सर्व प्रकारच्या नोटगेल्डच्या सूच्या आयुष्यभर तयार केल्या. त्याचा विशाल संग्रह पुढे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेकडे गेला. ज्या पैशाला मध्यवर्ती सत्तेने कधी मनापासून मान्यता दिली नाही, तो तिच्याच घरी इतिहास म्हणून विसावला.

साठवण आणि चलन यांतील हा विरोध ऑस्ट्रियातील व्यर्गल या छोट्या गावाने फार स्पष्टपणे हेरला. जागतिक मंदीत तेथील कामगार बेकार झाले होते. महापौर मिखाएल उंटरगुगेनबेर्गर याच्या पुढाकाराने गावाने जुलै १९३२ मध्ये १, ५ आणि १० शिलिंगांच्या चिठ्ठ्या काढल्या. दर महिन्याला किमतीच्या एक टक्क्याचे तिकीट त्यांवर चिकटवल्याखेरीज त्या पूर्ण किमतीने चालत नसत. चिठ्ठी घरात ठेवणाऱ्याला तोटा आणि लगेच खर्च करणाऱ्याला सुटका, अशी ही योजना होती. त्या पैशातून रस्ते दुरुस्त झाले, थकलेले कर वसूल झाले. १९३३च्या शरद ऋतूत मध्यवर्ती बँकेच्या आग्रहाने ती बंद पाडण्यात आली. संग्राहकाला नकार देणारा असा पैसा इतिहासात क्वचितच घडला असेल. आज त्या चिठ्ठ्याही संग्रहांतून आढळतात.

६

भारताला हा विषय परका नाही. दुसऱ्या महायुद्धात येथेही चांदीचे रुपये आणि तांब्याची खुर्दा नाणी घराघरांत अडकली. सरकारने १९४० मध्ये एक रुपयाची नोट पुन्हा चलनात आणली, नाण्यांचा साठा करणे हा गुन्हा ठरवला आणि १९४३ पासून धातू वाचवण्यासाठी मध्यभागी छिद्र असलेला पैसा काढला. ‘भोकाचा पैसा’ म्हणून मराठी घरांच्या आठवणीत राहिलेला तो हाच. काठेवाडातील मोरवी, नवानगर, जुनागढ, गोंडल यांसारख्या संस्थानांनी आणि राजस्थानातील बिकानेर, बूंदी यांनी पुठ्ठ्याच्या लहान चिठ्ठ्या, ज्यांना ‘कॅश कूपन’ म्हणत, एक-दोन पैशांच्या बदली वापरात आणल्या. वचन तेच होते, वेसही तशीच होती. १९४८ मध्ये काठेवाडातील संस्थाने सौराष्ट्र संघात विलीन झाली आणि वचन देणारी गादीच उरली नाही. बोटांच्या घामाने मऊ पडलेले ते पुठ्ठ्याचे तुकडे आता नाणेसंग्राहकांच्या लिलावांत, छापील किमतीच्या कित्येक पटींनी विकले जातात.

संग्रह ही इतिहासाची सेवा आहे, यात शंका नाही. संग्राहक नसते तर इंग्लिश वाण्याच्या पत्नीचे आद्याक्षर गाळातच राहिले असते आणि श्टेर्नबेर्गची नोट सोयीस्करपणे विसरली गेली असती. पण संग्राहकांचा बाजार ज्या नगाला सर्वांत जास्त किंमत देतो तो कोरा, न झिजलेला, कोणाच्या हाताचा स्पर्श न झालेला नग असतो. इतिहासाचे मोल नेमके याच्या उलट आहे. कडा गुळगुळीत झालेला, अक्षरे पुसट झालेला जस्ताचा बिल्ला कुरूप दिसतो, पण त्याच्या प्रत्येक झिजेमागे एक व्यवहार आहे, आणि त्या व्यवहारात गावातल्या एकाने दुसऱ्याच्या शब्दावर ठेवलेला विश्वास आहे. बिल्ल्यांचा इतिहास लिहायचा तर तो या झिजेपासून लिहावा लागतो. ज्यांचे वचन पुरे झाले आणि म्हणून जे वितळून गेले, त्या असंख्य बिल्ल्यांचे प्रतिनिधी म्हणून हे थोडे झिजलेले तुकडे उरले आहेत.